अवंतिकेच्या आवाजात

तुमच्या मंडळात खुर्च्या कोण लावतं? नाव नका सांगू, नाव तुम्हाला आठवायचंही नाही. वय सांगा. "आमची पोरं लावतात ना," असं म्हणाल, तेही कौतुकानं. त्या पोरांकडं कधी नीट बघितलंय का? कधी उन्हात उभं करून बघा एकदा.

राकेश मेश्राम अडतीस वर्षांचा आहे. टोरांटोच्या पूर्व अंगाला, स्कारबरोत, 'मैत्री धम्म मंडळ' नावाचं आपल्या लोकांचं मंडळ आहे, आणि राकेश त्याच्या युवा आघाडीचा प्रमुख. गेली अकरा वर्षं. कानशिलावर पांढरं आलंय, जिना उतरताना गुडघा वाजतो, डॉक्टरनं कोलेस्टेरॉलची गोळी चालू केलीय, आणि हा युवा! कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये कार्यक्रम असला की अध्यक्ष यादवराव दारातूनच आवाज देतात, "पोरांनो, खुर्च्या!" की राकेश दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या उचलून पळत सुटतो. यादवरावांच्या पिढीला वाटतं आपण तरुणांना संधी देतोय. कसली संधी? घडीच्या खुर्चीची?

पण सगळा राग म्हाताऱ्यांवर काढून चालणार नाही. खरं सांगायचं तर राकेशला ते आवडायचं. पोरगा असण्यात मोठा आराम असतो. पोराला कोणी हिशेब विचारत नाही, भाषण करायला सांगत नाही, पुढं काय करायचं ते ठरवायला सांगत नाही. पोरानं खुर्च्या लावायच्या, मागच्या रांगेत बसून चेष्टा करायची, जेवण वाढायचं आणि घरी जायचं. यादवरावांनी दोनदा सुचवलं होतं, "राकेश, सचिव हो." दोन्ही वेळा हा म्हणाला, "काका, अजून शिकून राहिलो ना."

तो राहायचा यादवरावांच्याच घराच्या बेसमेंटमध्ये. वर यादवराव आणि पद्माकाकू, खाली राकेश. दिवसा एका विमा कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, संध्याकाळी सोफा. आणि शुक्रवारी कोमल.

कोमल रामटेके, छत्तीस वर्षांची, तीही नागपूरची. भूगर्भशास्त्र शिकलेली. तिकडं चंद्रपूरच्या खाणींत हेल्मेट घालून उतरलेली बाई इथं आल्यावर एका बँकेच्या ऑफिसात लोकांचे चुकलेले पत्ते दुरुस्त करत बसली होती. "कॅनडातला अनुभव आहे का?" असं विचारून विचारून तिला दगडांपासून तोडली या देशानं. जणू काही इथला दगड वेगळ्या भाषेत फुटतो! मंडळातला रविवारचा मुलांचा धम्म वर्ग तीच घ्यायची. युवा आघाडीचं म्हणून जे काही काम कागदावर दिसायचं, ते सगळं तिचं. प्रमुख मात्र राकेश.

आणि हो, तुमच्या मनात आत्ता जे आलं ते बाजूला ठेवा. एक बाई आणि एक माणूस एका सोफ्यावर बसून टीव्ही बघतात म्हटलं की ज्यांना लगेच मांडव दिसायला लागतो, त्यांच्यासाठी दुसऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. हे दोघं मित्र होते. एवढंच, आणि एवढं काही कमी नसतं.

शुक्रवारी ते बघायचे नॉर्वेच्या विनोदी मालिका.

नॉर्वेच का, तर काही कारण नाही. एका जानेवारीत घरासमोरचा बर्फ फावड्यानं उपसून दमलेला राकेश सोफ्यावर पडला होता आणि टीव्हीवरच्या मालिकांच्या यादीतल्या एका चित्रात त्याच्यासारखाच एक दाढीवाला फावडं धरून वैतागलेला दिसला. लावली मालिका. मग एक संपली की दुसरी. सगळ्यांत गोष्ट साधारण सारखी. तिशी ओलांडलेले दोन-तीन मित्र, ओस्लोत एका फ्लॅटमध्ये राहतात, आणि मोठं व्हायला तयार नाहीत. एकजण बहिणीच्या गॅरेजमध्ये राहून वर्षानुवर्षं पुस्तक लिहितोय. एकीला लग्न, घर, मूल यातलं काय हवंय ते ठरवता येत नाही, म्हणून ती सगळ्यांना एकच उत्तर देते, "सोमवारी बघू." तिकडं वसंत ऋतूत इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून अंगण झाडायचा एक दिवस असतो; हे तिघं त्या दिवशी पलंगाखाली लपतात. मागून हसण्याचे आवाज नाहीत. कोणी विनोद करून टाळीची वाट बघत नाही. मध्येच सगळे गप्प होतात आणि ती शांतता इतकी लांबते की बघणाऱ्यालाच घाम फुटतो. मनातलं बोलायला ही माणसं बहुतेक बर्फ वितळायची वाट बघत असावीत.

"हे आपलेच लोक हायेत बे," पहिल्याच दिवशी कोमल म्हणाली होती. "फक्त गोरे."

पद्माकाकू त्यात आल्या त्या कपड्यांमुळे. वॉशिंग मशीन बेसमेंटमध्ये. एका शुक्रवारी काकू कपड्यांची बास्केट कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या आणि पडद्याकडं बघत म्हणाल्या, "काय म्हणून राहिले रे हे? भांडून राहिले का?"

खाली इंग्रजी ओळी पळत होत्या. काकूंना त्या एवढ्या वेगानं वाचता येईनात. राकेश वाचून सांगायला लागला, पण बातम्या दिल्यासारखं. मग कोमलनं टीव्हीचा आवाज बारीक केला, पडद्यावरच्या बाईचं तोंड उघडलं की आपलं उघडलं आणि थेट नागपुरी झाडली: "तुले किती वेळा सांगू, माह्या फ्रिजमधलं दही खात नको जाऊ!"

काकू इतक्या हसल्या की बास्केट खाली पडली. तेव्हापासून ती पद्धतच झाली.

नावं काकूंनी ठेवली. दाढीवाला त्यांच्या दिराच्या वळणाचा, म्हणून तो बळवंत. ती बाई बल्लारपूरच्या क्वार्टरमधल्या एका शेजारणीसारखी नाक उडवायची, म्हणून ती अवंतिका. गॅरेजमधला लेखक जनार्दन. मालिका बदलली, नट बदलले, तरी नावं तीच. गावंही बदलून घेतली. ओस्लो म्हणजे नागपूर, बर्गन म्हणजे वर्धा, आणि उत्तरेतलं बर्फाचं कुठलंही गाव आलं की कॅनडातलंच विनिपेग नाहीतर सस्काटून, जे तोंडात येईल ते. बळवंतचा आवाज राकेशचा, अवंतिकेचा कोमलचा, जनार्दनचा ईश्वरचा.

ईश्वर हा तिसरा. होता, असं म्हणायचं. दोन वर्षांपूर्वी त्याला कनाटाला टेलिकॉममध्ये चांगली नोकरी लागली, बायको-मुलगी घेऊन तो ओटावाच्या बाजूला गेला. जाताना गळ्यात पडून म्हणाला, "दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल, कन्फर्म!" एक शुक्रवार झाला. दुसऱ्याला पोरीचा स्विमिंग क्लास. मग काही नाही. दिवाळीला आणि जयंतीला त्याचे फॉरवर्ड यायचे, तेही सगळ्यांना पाठवलेले. राकेशनं त्याचं नाव घेणं सोडून दिलं आणि जनार्दनचा आवाज पद्माकाकूंना दिला.

खेळाचे नियम दोन. पहिलं वाक्य खालच्या ओळीला धरून बोलायचं, पुढं आपल्या मनाचं. आणि एपिसोड संपेपर्यंत कोणी स्वतःच्या आवाजात बोलायचं नाही. जो बोलेल त्यानं काकूंच्या कपड्यांच्या घड्या घालायच्या.

आता मार्चमधला तो शुक्रवार.

पडद्यावर स्वयंपाकघर. अवंतिका सिंकपाशी उभी, बळवंत फ्रिजला टेकलेला. अवंतिकेनं तोंड उघडलं आणि कोमल बोलली, "बळवंत, मले नोकरी लागली."

"वा!" राकेशनं बळवंतचा खर्ज लावला. "म्हणजे आता चहा तू पाजशीन."

"सस्काटूनले लागली. पोटॅशच्या खाणीत. दगडांचं काम हाये. माह्यं काम."

"दगडं फोडाले इतक्या दूर कायले जातं? माह्या डोक्यावर फोड ना."

काकू हसल्या. कोमल हसली नाही, पण अवंतिका तशीही कधी हसत नाही.

"चेष्टा नको करू. जाऊ का नको, ते सांग."

पडद्यावरचा बळवंत गप्प होता. नॉर्वेची ती लांबलचक शांतता चालू होती. पण राकेशला शांतता सोसत नाही; फट दिसली की तो त्यात विनोद कोंबतो.

"जा ना! रिमोट तेवढा ठेवून जा."

काकू डोळे पुसायला लागल्या हसून हसून. राकेशला वाटलं, आज काय रंगलोय आपण.

"बरं," कोमल अवंतिकेच्याच आवाजात म्हणाली. "ठेवून जाते."

एपिसोड संपला. तिनं रिमोट सोफ्यावर ठेवला, बूट चढवले, आणि "उद्या लवकर उठायचं हाये" म्हणत बाजूच्या दारानं निघून गेली. राकेशनं वर बघितलंसुद्धा नाही. तो पुढचा एपिसोड शोधत होता.

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. "काम हाये," एवढाच मेसेज.

त्या रविवारी जयंतीच्या तयारीची बैठक होती. वंदना झाली. राकेश मागून चार खुर्च्या घेऊन येत होता, तेव्हा माइक हातात धरून यादवराव म्हणाले, "एक आनंदाची बातमी. आपली कोमल बेटी सस्काटूनला चालली आहे. खाणीत भूगर्भतज्ज्ञ म्हणून तिची निवड झाली. एप्रिल संपता संपता ती जाईल. समाजाच्या वतीनं तिचं अभिनंदन!"

टाळ्या पडल्या. राकेशच्या हातातल्या खुर्च्याही पडल्या. सगळा हॉल मागं वळून बघायला लागला आणि कोणीतरी म्हणालं, "अरे सांभाळून, पोरा!"

त्यानं तिला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. बर्फाचे बारीक कण उडत होते. तो कोट घालायलाही थांबला नव्हता.

"साऱ्या गावाले मालूम, न मलेच नाई? यादवकाकाले सांगतं, मले नाई सांगत?"

"तुलेच पहिले सांगितलं."

"कधी?"

"मागच्याच्या मागच्या शुक्रवारी. बळवंत, मले नोकरी लागली. सस्काटूनले."

मग राकेशच्या तोंडून जे निघालं ते ऐकून रस्त्यावरचा कुत्राही लाजला असता. "ती तर अवंतिका होती!"

"अवंतिका खाणीत काम करते का रे? अकरा वर्षं झाले ओळखून राहिला मले. दोघीतला फरक नाई समजत तुले?" तिनं गाडीचं दार उघडलं. "जाऊ का, म्हणून विचारलं होतं मी. रिमोट ठेवून जा म्हणलं तू. भेटलं ना मले उत्तर."

चूक कोणाची हे त्याला आतून कळलं होतं, आणि चूक कळलेला माणूस जास्त ओरडतो. "जा! ईश्वर गेला तशी जा! दिवाळीले फॉरवर्ड पाठवत जा!"

ती गेली. विंटर टायर्स करकरले आणि राकेश तिथंच उभा राहिला, कोटाविना, कॅनडातल्या पार्किंग लॉटमधला एक अडतीस वर्षांचा पोरगा.

पुढचा आठवडा त्यानं स्वतःची बाजू मजबूत करण्यात घालवला. मनातल्या मनात वकिली चालली होती. खेळात सांगितलेलं कोणी खरं धरतं का? सस्काटून तर आपण शंभरदा म्हटलंय. आणि पडद्यावरची बाई तेच बोलत असणार. पहिलं वाक्य खालच्या ओळीला धरूनच असतं, नियमच आहे तसा. म्हणजे मालिकेतच नोकरीची गोष्ट होती. मग माझं काय चुकलं?

शनिवारी दुपारी त्यानं तो एपिसोड पुन्हा लावला, पुरावा म्हणून. पद्माकाकू मशीनमध्ये कपडे टाकत होत्या. त्या येऊन सोफ्याच्या कडेला टेकल्या.

स्वयंपाकघर आलं. अवंतिकेनं तोंड उघडलं. राकेशनं खालची ओळ वाचली. मागं घेतलं. पुन्हा वाचली.

"काय म्हणते रे?" काकूंनी विचारलं.

"भांडे धुवाची मशीन बिघडली म्हणते."

"न मंग?"

"दुरुस्तीवाल्याले सोमवारी बोलवू म्हणते."

काकू पुढं सरकल्या. "आन नोकरीचं?"

"नाई ना. नोकरीचं काहीच नाई इथं."

"माय वो! मंग त्या दिवशी ते कोण बोललं?" काकूंनी तोंडावर हात ठेवला. "आन मी बी हासली रे. खदाखदा हासली."

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या या माणसानं त्या संध्याकाळी खालची ओळ वाचलीच नव्हती. तो फक्त आपली पाळी कधी येते ते बघत होता. कोमलनं पहिल्याच वाक्याला नियम मोडला होता, सगळ्यांसमोर, आणि कोणी तिला पकडलं नव्हतं. तिला बहुतेक पकडूनच हवं होतं.

एपिसोड पुढं चालला होता. ती लांब शांतता आली, जिच्यात त्यानं विनोद कोंबला होता. ती संपल्यावर पडद्यावरचा बळवंत काय बोलतो, ते त्यानं आता पहिल्यांदा वाचलं. तो फ्रिजपासून हलला, बाह्या सारल्या आणि एवढंच म्हणाला: मी धुतो, तू पूस.

राकेशनं टीव्ही बंद केला आणि कोट घातला.

कोमलच्या अपार्टमेंटमध्ये खोकीच खोकी होती. तिनं दार उघडलं पण वाटेतून बाजूला झाली नाही.

"कोण पाहिजे?"

"राकेश हाये."

"कोण राकेश? बळवंत नाई आला?"

"बळवंतले घरी ठेवून आलो." सवयीनं एक विनोद ओठांवर आला, तो त्यानं गिळला. गिळताना चेहरा बघण्यासारखा झाला असणार, कारण कोमल बाजूला झाली.

जमिनीवर तिचे दगड पसरलेले होते. चंद्रपूरहून आणलेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. हिनं ते कधी दाखवलेही नव्हते. का आपणच कधी विचारलं नव्हतं?

"पाहिला मी तो एपिसोड," तो म्हणाला. "भांड्याच्या मशीनवरून बोलून राहिली होती ते."

"हाव."

"मंग सरळ काहून नाई सांगितलं?"

"सरळ सांगितलं असतं तर रडली असती मी." कोमल एका खोक्यावर बसली. "आन तू थांब म्हणला असता, तर थांबली असती. तवा हो म्हणलं नव्हतं मी त्यायले. तू हासला न, मंग घरी येऊन रागारागात ईमेल पाठवला." ती थांबली. "अजून पगाराच्या कागदावर सही नाई केली. फिरवता येते. मंग आता सांग. तुह्या आवाजात सांग. थांबू का?"

आता लक्षात घ्या, या माणसाच्या हातात काय होतं. एक शब्द. 'थांब' म्हटलं की शुक्रवार तसेच राहिले असते, सोफा तसाच, रविवारचा वर्ग तिच्याकडं, खुर्च्या याच्याकडं. आणि ती आणखी वीस वर्षं लोकांचे पत्ते दुरुस्त करत बसली असती. त्याला तो शब्द म्हणायचा होता.

राकेशनं एक दगड उचलून बघितला. आत अभ्रकासारखं काहीतरी चमकत होतं.

"हे काय हाये?"

"सांगू का सारं? बसशीन दोन तास?"

ती नुसती विचारतानाही वेगळी दिसली. हॉलमध्ये, बँकेच्या ऑफिसात, सोफ्यावर, कुठंच त्यानं तिला अशी बघितली नव्हती. त्यानं दगड परत कागदात गुंडाळला.

"थांब म्हणावं वाटते," तो म्हणाला. "लय वाटते. तू गेल्यावर काय करीन, मले खरंच मालूम नाई. पण मी म्हणत नाई. जा तू."

नॉर्वेत चालते तशी एक शांतता झाली. या वेळी राकेशनं त्या शांततेला हात लावला नाही. कोमलनं बाहीला नाक पुसलं.

"लय खराब अॅक्टिंग हाये तुही," ती म्हणाली.

"अॅक्टिंग नाई करून राहिलो ना." त्यानं बाह्या सारल्या. "मी भरतो, तू टेप लाव."

दगड भरता भरता कळलं की टेपचा रोल एकच आहे आणि त्याचं टोक दोघांनाही सापडत नाही. त्यावरून ते इतके भांडले की शेजाऱ्यानं भिंत ठोकली.

जयंतीच्या दिवशी हॉल गच्च भरणार होता. सकाळी यादवराव निळा कोट घालून दारात उभे राहिले आणि त्यांनी नेहमीसारखा आवाज दिला, "पोरांनो, खुर्च्या!"

राकेश पळाला नाही. चालत त्यांच्यापाशी गेला.

"काका, पोरं आता गोळ्या खातात कोलेस्टेरॉलच्या. नॉर्वेत अंगण झाडायचा दिवस असते न, तर म्हातारे पण झाडू घेतात. चला, तुम्ही चार घ्या, मी चार घेतो."

यादवरावांच्या कपाळावर आठ्या चढल्या. दोन क्षण वाटलं, आता समाजाच्या ऋणावर भाषण होणार. मग त्यांनी कोट काढून पद्माकाकूंच्या हातात दिला, भिंतीला टेकवलेली एक खुर्ची ओढली आणि इकडून तिकडून दाबून बघितली.

"अरे, ही उघडते कशी?"

इतकी वर्षं मंडळ चालवलं या माणसानं! राकेशला हसू आवरेना, यादवरावांनाही आवरेना. त्यानं त्यांना खटका दाखवला. पहिली रांग दोघांनी मिळून लावली. वाकडी लागली.

"सचिवपदाचं अजून शिल्लक आहे," यादवराव धापा टाकत म्हणाले.

"मालूम हाये. घेतो. पण आघाडीचं प्रमुखपद आघाडीतल्याच त्या जाईले द्या, एकोणीस वर्षांची हाये. अन् रविवारचा वर्ग मी घेतो."

वर्ग काही सोपा गेला नाही. पहिल्या रविवारी समोर बसलेली सगळी पोरं त्याच्याकडं संशयानं बघत होती. "आर यू द न्यू कोमल मिस?" एकीनं विचारलं. तो म्हणाला, "नाही, मी राकेश." "देन हू इज गोइंग टू डू द व्हॉइसेस?" कोमल गोष्टी वेगवेगळ्या आवाजांत सांगायची, हे त्याला तेव्हा कळलं. एवढं एक काम मात्र त्याला येत होतं.

आणि ईश्वर? राकेशनं एक दिवस कनाटाला फोन लावला. फॉरवर्डवरून टोमणा मारायचं आधी ठरवलं होतं. पण ईश्वरनं फोन उचलला आणि म्हणाला, "बरं झालं बे, फोन केला. मलेच लाज वाटून राहिली होती. जितके दिवस जात होते तितकी जास्त." त्याच्या मागून पोरीचा आवाज आला, "डॅडी, हू इज इट?" "माझा मित्र," ईश्वर म्हणाला. राकेशला टोमणा आठवेना.

आता शुक्रवारी असं असतं. स्कारबरोत आठ वाजलेले असतात, सस्काटूनला सहाच. उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढं करतात, तिकडची माणसं काटे हलवतच नाहीत. राकेश म्हणतो, "तिकडं वय पण वाढत नसन." कोमल हेल्मेटनं चपटे झालेले केस घेऊनच बसते आणि त्याला उलटून बोलते. कॉल अडखळतो, त्यामुळं अवंतिकेचं तोंड मिटल्यावर तिचा आवाज येतो. ईश्वर दर वेळी येत नाही, पण येतो. मग जनार्दनच्या आवाजावरून त्याची आणि पद्माकाकूंची जुंपते, कारण काकूंना तो परत द्यायचा नाही. यादवराव वरून पायऱ्या उतरून येतात, कपडे बघायला म्हणे, आणि उभ्यानं पूर्ण एपिसोड बघून जातात.

नियम तेच, त्यात एक वाढलाय. एपिसोड संपला की टीव्ही बंद, आणि मग ज्यानं त्यानं आपापल्या आवाजात बोलायचं. सुरुवातीला कोणाला जमत नव्हतं. सगळे नुसते एकमेकांच्या कपाळाकडं बघत बसायचे. परवा कोमल म्हणाली, "संध्याकाळी खाणीतून वर आलं का कोणी नसते. लय सुनंसुनं वाटते." राकेशला तीन विनोद सुचले होते. त्यानं विचारलं, "कोण बोलून राहिलं?" ती म्हणाली, "मी." मग तो गप्प बसला आणि तिनं सगळं सांगितलं.

तुमचाही एखादा असेल असा. ग्रुपवरचा सगळ्यात हसरा. ज्याच्या बोलण्याला तुम्ही हसणारी तीन तोंडं टाकून मोकळे होता. जरा मागं जा आणि त्याचा शेवटचा विनोद पुन्हा वाचा, खालच्या ओळीसकट. मग फोन लावा, आजच लावा, आणि त्याला विचारा, "हे कोण बोललं?" आणि कृपा करून, तो सांगेपर्यंत हसू नका.